वाळवणीचा माळ

पुतण्याच्या लेकीचं लग्न होतं म्हणून फार वर्षांनी गावी गेले. सकाळी अंगणात हळद होती. कुणीतरी प्लास्टिकच्या पुडीतली हळद वाटीत ओतली, पाणी घालून कालवली आणि वाटी माझ्या हातात दिली. घरातली थोरली म्हणून पहिलं बोट माझं. मी सवयीनं वाटी नाकाशी नेली. रंग झकास होता, वास मात्र कसलाच नव्हता. नवरीच्या गालाला बोट लावलं, हसले, फोटोला उभी राहिले. मग मोबाइलवर गाणी सुरू झाली, पोरी नाचायला लागल्या, तशी मी हळूच मागच्या दारानं बाहेर पडले.

या मागच्या दाराबाहेर पूर्वी माळ होता.

आता डोळ्यांसमोर कुणाच्यातरी दुमजली घराची भिंत होती. तिला टेकून दोन मोटारसायकली, पलीकडं वेल्डिंगचं दुकान, त्याच्याही पलीकडं पाण्याची टाकी. मी भिंतीच्या कडेकडेनं चालत राहिले. पायांना वाट माहीत होती, डोळ्यांना नव्हती.

मी मूळची माणदेशातली, दहिवडीच्या पलीकडची. वडील मुंबईला गिरणीत, आणि घरी आई, आम्ही भावंडं आणि चार शेरडं. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी इकडं, वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या उसाच्या गावात सून म्हणून आले. गाव नगरपालिकेचं, पण वळण खेड्याचंच. मालक फौजेत. लग्नाची रजा संपली तसे ते पलटणीत निघून गेले, आणि मी सासू-सासऱ्यांच्या घरात राहिले.

सुरुवातीला मला या मुलखातली झोपच लागायची नाही. पहाटे जाग यायची ती पाण्याच्या आवाजानं. परसाच्या पलीकडच्या उसात पाट सोडलेला असायचा, आणि ते पाणी कुणी न बघता, कुणी न भरता, नुसतं वाहत असायचं. आमच्याकडं घागरीचं बूड खरवडल्याचा आवाज ऐकत वाढलेली मी. वाटायचं, उठावं आणि कुणालातरी सांगावं, आवं, पाणी चाललंय.

दिवसभर घरात पदर डोक्यावरून ढळू द्यायचा नाही, असा रिवाज. सोप्यात मामंजी बसलेले. ते फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, आणि आता नगरपालिकेत निवडून आलेले. त्यांच्याकडं सारखी माणसं यायची. त्यांच्यासमोरून जायचं तर भिंतीला चिकटून जायचं. बोलायचं तर दाराआडून. पण दुपारची भांडी झाली की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागचं दार उघडायच्या आणि म्हणायच्या, "चल गं, माळाला."

आणि माळावर गेलं की सगळ्या गल्लीतल्या बायकांचे पदर खांद्यावर यायचे. तसा नियम कुणी केला नव्हता. पुरुष त्या वेळी तिकडं फिरकायचेच नाहीत, इतकंच.

मुरमाड, टणक, किंचित उताराचा तो माळ होता. पाणी त्यावर थांबायचं नाही आणि ऊन दिवसभर हटायचं नाही. चैत्र-वैशाखात गल्लीतल्या बायका तिथं धोतरं अंथरून कुरडया घालायच्या. सोऱ्यातून चीक पडताना येणारा तो आंबूस, गरम वास. सांडग्यांच्या ओळी, लाल मिरच्यांचे गालिचे, आणि मिरच्या हलवणारीच्या मागोमाग सगळ्यांना येणाऱ्या शिंका. श्रावणात तिथं गुडघ्याएवढं गवत व्हायचं आणि त्यात बारीक निळी फुलं. दिवाळी झाली की पूर्वेकडून धनगरांची मेंढरं यायची. एक-दोन रात्री माळावर थांबून मग शेतकऱ्यांच्या रानात बसायला जायची. ती गेल्यावरही लोकरीचा आणि लेंड्यांचा उबदार वास मागं राहायचा, आणि मला माहेर आठवायचं.

पण माळ खरा जागा व्हायचा तो हळदीला. माघ-फाल्गुनात रानातून हळकुंडं निघायची. माळाच्या एका कडेला चुलाणं खणलेली होती. त्यावर लोखंडी काहिली चढायच्या, खाली उसाच्या पाचटाचा जाळ धडाडायचा, हळकुंडांवर हळदीचाच पाला आणि ओली पोती दाबायची. आतून फेस वर यायला लागला की पांढरी वाफ सुटायची. त्या वाफेचा वास मला अजून नीट सांगता येत नाही. थोडा मातीचा, थोडा कापरासारखा, थोडा बाळंतिणीच्या खोलीसारखा. तो केसांत बसायचा, उशीला लागायचा, भाकरीलाही यायचा. लोकांना वाटतं उकडलेली हळद पिवळीधमक दिसत असेल. तसं नाही. ती वाळत घातल्यावर मातकट, राखट दिसते. हळकुंड हातात घेऊन मोडलं, की आत केशर.

हळद शिजवायची आणि पसरायची ती ओढ्याकडची माणसं. दुष्काळात जतकडून, माणाकडून खडी फोडायच्या कामावर आलेली आणि मग इकडंच राहिलेली. ऊसतोड, हळद, जे हाताला लागेल ते करायची. ओढ्याच्या काठाला त्यांच्या झोपड्या होत्या, वर पाचट आणि फाटकी तरटं. त्यांतली मायाक्का आमच्या हळदीवर असायची. जतच्या कर्नाटक हद्दीकडची धनगरीण. उंच, काळी, कपाळावर गोंदण. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं दुष्काळात मेंढरं मरताना बघितली होती. त्यातली थोडी उरली होती ती झोपडीमागं बांधलेली असायची. बोलता बोलता ती मध्येच "यव्वा" म्हणायची आणि कानडीत शिरायची, मग स्वतःच हसून परत यायची.

पहिल्याच हळदीला तिनं माझा हात धरून तळवा उलटा केला होता.

"तुमी खडी फोडलीया," ती हळू आवाजात म्हणाली.

मी इकडंतिकडं बघितलं. सासरी हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. आई आणि मी दुष्काळात वर्षभर रस्त्याच्या कामावर होतो.

"व्हय," मी म्हटलं.

"मग चांगलं," असं म्हणून तिनं माझा हात सोडला आणि टोपली उचलली. तेव्हापासून माळावर माझं मन लागायला लागलं.

त्या वर्षी भाद्रपदात ओढा फुगला आणि झोपड्यांत शिरला. मामंजींनी धोतर खोचलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून माणसं काढली. मायाक्काच्या म्हाताऱ्या सासूला त्यांनी पाठीवर घेऊन शाळेच्या व्हरांड्यात आणलं. म्हातारी दोन-चार दिवस तिथंच तापात पडून होती आणि तिथंच गेली. त्या दिवशी मामंजी घरी आले ते जेवले नाहीत. ओल्या बुटांतून पाय काढत एवढंच म्हणाले, "फौजेत आमी खेचरंसुद्धा कोरड्या जाग्याला बांदायचो."

पुढं दिवाळीनंतर नगरपालिकेत ठराव झाला. ओढ्याकडच्या माणसांना पक्की घरं बांधून द्यायची. दोन रांगा, पाठीला पाठ, वर कौलं, मध्ये एक नळ. जागा नगरपालिकेच्या मालकीचीच: वाळवणीचा माळ. ठराव मामंजींनी मांडला होता.

गावात दवंडी फिरली, आणि आमच्या गल्लीत जो गलका उठला तो काही शमेना. पारावर पुरुष बोलायला लागले, विहिरीवर बायका. काहीजण उघडच बोलले, "त्या लोकांच्या चुली आता आमच्या दारात पेटणार व्हय?" कुणी म्हणालं, चोऱ्या होतील. कुणी म्हणालं, नगरपालिकेनं घरं जरूर बांधावीत, पण मसणवट्यापलीकडं बांधावीत. आत्याबाईंच्या तोंडून असलं मी कधी ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. शेजारच्या हौसाकाकींना त्या म्हणाल्या, "ह्यांना वाटतंय माळ रिकामा हाय. गडीमाणसाला भिंत न्हाई म्हंजे रिकामंच दिसतं. माझी निम्मी जिंदगानी त्या माळावर गेली. ती काय रिकामी गेली?"

घरात मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. म्हणजे मामंजींशी बोलल्याच नाहीत. थंडी सरली, हळद आली, तरी दोघांत शब्द नव्हता. सगळं माझ्यामार्फत चालायचं.

"सूनबाई, इचार त्यास्नी, आणखी भाकरी वाढू का."

मामंजी हातभर अंतरावर बसलेले. मी दाराआडून म्हणायची, "मामंजी, आणखी भाकरी वाढू का?"

"सांग तिला, अर्धी."

"आत्याबाई, अर्धी."

"अर्धी भाकरी खाऊन नगरपालिका कशी चालवणार म्हणावं."

हे मी पोचवलं नाही. पण त्यांना ऐकू गेलं होतंच. मामंजी ताटाकडं बघून मिशीत हसले, आणि लगेच हसू गिळून पाणी प्यायले. मला दोघांचीही कीव यायची आणि दोघांचंही पटायचं. मामंजी म्हणत होते ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. पाण्यात वाहून गेलेल्या तरटांखाली मी स्वतःही असू शकले असते. आणि माळ गेला असता तर मला त्या गावात मोकळा श्वास घ्यायला जागाच उरली नसती. रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदा या बाजूनं विचार करायची, एकदा त्या.

फाल्गुनात एक दिवस मामंजी सोप्यातून मोठ्यानं म्हणाले, कुणाला उद्देशून न बोलता, "उद्या ओव्हरसियर येणार हाय. माळावर फक्की टाकून आखणी करायची ऑर्डर झालीया."

आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या घरांत निरोप गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून माळावर हळद पसरायला सुरुवात झाली. शिजलेली, आदल्या आठवड्यातली अर्धवट वाळलेली, पोत्यांत भरून ठेवलेलीसुद्धा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाय ठेवायला जागा न ठेवता. ओव्हरसियर आला, बरोबर दोन माणसं, घरांचा नकाशा, खुंट्या, दोरी, फक्कीची घमेली. हळदीच्या कडेला येऊन थांबला. सालस पोरगा होता तो. हळदीवर बूट घालून कसं जाणार? त्यानं बूट काढून हातात घेतले, दोन पावलं टाकली, पण खालचा मुरूम तापला होता. एक पाय उचलून दुसरा टेकत तो तिथंच नाचायला लागला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. हौसाकाकी म्हणाल्या, "या की सायेब, अनवाणी या. आमी रोज येतो."

त्या हसण्यात मीही होते. खोटं कशाला सांगू, मला फार मजा वाटली.

मग माझं लक्ष मायाक्काकडं गेलं. ती डोक्यावर हळदीची टोपली घेऊन मधोमध उभी होती. तिच्यामागं ओढ्याकडच्या इतर बायका, त्यांच्याही डोक्यावर टोपल्या. ओव्हरसियरच्या हातातल्या बुटांकडं, खुंट्यांकडं, मग आमच्याकडं तिनं बघितलं. हे सगळं कशासाठी चाललंय ते तिला त्या क्षणी कळलं असावं. आम्हाला तोवर साधं सुचलंही नव्हतं की त्यांची घरं अडवायला आम्ही त्यांच्याच हातांनी हळद पसरत होतो.

तिनं टोपली खाली ठेवली. ओतली नाही, फेकली नाही, नीट ठेवली. हात लुगड्याला पुसले.

"आक्का," ती आत्याबाईंना म्हणाली, "ही हळद तेवढी तुमीच पसरा."

आणि ती ओढ्याकडं चालायला लागली. बाकीच्या बायकांनी एकेक करून टोपल्या ठेवल्या आणि तिच्यामागं गेल्या. माळावरचं हसणं थांबलं. चुलाणावरच्या काहिलीतून वाफ येत होती, आणि ती उतरवायला कुणी नव्हतं.

आत्याबाईंनी स्वतः टोपली उचलली. दुपारभर त्या पसरत राहिल्या. गल्लीतल्या बायका ऊन चढलं तशा एकेक करून घरी गेल्या. मी आणि आत्याबाई राहिलो. काहिलीतली हळद उतरवताना माझ्या हातावर वाफ आली, मी हात झटकला, आणि काय झालं कुणास ठाऊक, एवढे दिवस दाबून ठेवलेलं बाहेर पडलं.

"आत्याबाई, मी बी खडी फोडलीया. दुष्काळात. आई आन मी. आमी बी तरटाखाली ऱ्हायलो हुतो."

वाटलं, आता संपलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. हळकुंडं पायानं सारखी करत म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. बगायला आलो हुतो तवाच तुझं हात बगितलं. म्हणून तर केली तुला."

ऊन उतरायला लागलं तसं त्यांनी टोपली उपडी ठेवली.

"चल."

"कुठं?"

"तिच्याकडं."

ओढ्याकाठी जायची माझीही पहिलीच वेळ. मायाक्काची झोपडी इतकी बुटकी होती की आत्याबाईंना कमरेत वाकून आत जावं लागलं. आत तीन दगडांची चूल, कोपऱ्यात घडी केलेलं घोंगडं, सारवलेली जमीन. जमीन आमच्या घरापेक्षा स्वच्छ होती. मायाक्कानं घोंगडं अंथरलं, तांब्यात पाणी दिलं. आत्याबाई पाणी प्यायल्या. झोपडीमागं मेंढराचं कोकरू ओरडत होतं.

"उद्या हळदीला येनार न्हवं?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांना बहुतेक दुसरंच काही बोलायचं होतं.

"न्हाई."

"घरासाठी?"

मायाक्का चुलीकडं बघत हसली. "आक्का, घर घर करतायसा समदी. सुभेदार म्हंत्यात घर घ्या. तुमी म्हंतायसा घिऊ नका. त्या सायबाचं चित्र बगितलं मी. एक खोली, एक दार. पाटीला पाट लावून दुसऱ्याची खोली. मागं जागा न्हाई, म्होरं जागा न्हाई. माजी मेंढरं कुटं बांदू? उशाला?" ती थांबली. "लोकर कुटं वाळवू? मला बी वाळवायला जागा लागतीया की. आमाला कवा कुनी इचारलं, बाई, तुला कसलं घर पायजे?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"न्हाई इचारलं," त्या म्हणाल्या. "मी बी न्हाई."

परत येताना त्या भराभर चालत होत्या. मागच्या दारानं न जाता सरळ पुढच्या दारानं सोप्यात शिरल्या. मामंजींसमोर दोन-तीन माणसं बसली होती. आत्याबाई तशाच उभ्या राहिल्या, हळदीच्या हातांनी, पदर खांद्यावरच राहिलेला. आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्या नवऱ्याशी बोलल्या.

"आवं, त्या चित्रात मेंढरं कुठं बांधायची?"

मामंजींना कळेना. "कसली मेंढरं?"

"जी माणसं ऱ्हाणार त्यांची मेंढरं. तुमी त्यास्नी इचारलंसा?"

माणसं चुळबुळत उठली आणि निघून गेली. मामंजींनी त्यांच्या हळदीच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, "पन तू तर घरंच नको म्हंतीस."

"माळाच्या मदी नको म्हंते. कडंला बांदा. एकच रांग. प्रत्येकाला म्होरं अंगण. अंगण माळाकडं. म्हंजे माळ बी ऱ्हातो, मेंढरं बी ऱ्हातात."

"रांग एक केली तर घरं कमी हुत्यात."

"मग दुसरी जागा बगा बाकीच्यांना. पन मसणवट्याकडं न्हाई. आन जायच्या आदी त्यास्नी न्हेऊन दाखवा."

मामंजी उठले. खुंटीवरची टोपी काढली, परत अडकवली. "चा टाक," ते म्हणाले. माझ्याकडं बघून नाही, आत्याबाईंकडं बघून. मी आत जाऊन चुलीपाशी बसले आणि रडले. कशासाठी ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

पुढचं काही गोडगोड झालं नाही. नगरपालिकेत महिनोन्‌महिने वाद चालला. मुख्याधिकारी म्हणाले, मंजूर झालेला नकाशा असा बदलता येत नाही. गल्लीतल्या पुरुषांनी मामंजींना घरभेदी म्हटलं, आणि बायकांनी आत्याबाईंना फितूर. हौसाकाकी, ज्यांच्याशी आत्याबाईंचं पहिल्या बाळंतपणापासून सख्य होतं, त्यांनी आमच्या घरी येणं सोडलं. संक्रांतीला आत्याबाई वाण घेऊन त्यांच्या दारात गेल्या, तर दार उघडलं नाही. आत्याबाई वाण उंबऱ्यावर ठेवून आल्या. मामंजी परत निवडून आले नाहीत. पण नकाशा बदलला. माळाच्या पूर्वेच्या कडेनं एक रांग उभी राहिली, प्रत्येक घराला अंगण. बाकीच्या माणसांना गावाच्या वरच्या अंगाला जागा मिळाली. ती त्यांनी आधी जाऊन, माती हातात घेऊन बघितली होती.

मी तिथं आणखी थोडी वर्षं राहिले. मग मालकांबरोबर पलटणीच्या गावांना फिरत राहिले, अंबाल्याला, बेळगावला. रजेत येताना दर खेपेला माळ थोडा कमी झालेला असायचा. पहिली भिंत हौसाकाकींच्या थोरल्या मुलानं वाढवली, गोठ्यासाठी म्हणून. मग दुसऱ्यानं, मग गल्लीतल्या सगळ्यांनी. एकेका पावलानं माळ आत घेतला. ओढ्याकडच्या माणसांनी अंगणाबाहेर एक दगडही कधी सरकवला नाही. हळद पुढं कारखान्यात, मशीनवर शिजायला लागली. आत्याबाई गेल्या तेव्हा माळ म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी त्यावर कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. फक्त एकदा, मागच्या दारात बसून गहू निवडताना म्हणाल्या होत्या, "आपण भांडलो कुणाशी, आन न्हेला कुणी."

भिंतीच्या कडेनं चालत मी त्या रांगेपाशी पोचले. काही घरांवर स्लॅब आले आहेत, रंग बदलले आहेत, पण अंगणं आहेत. सगळीच्या सगळी. एका अंगणात दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. एका ठिकाणी शेवग्याचं झाड, खाली बांधलेली शेळी. कुणी मला ओळखलं नाही. मायाक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी रांगेच्या मधोमध, तिच्या घरासमोर उभी राहिले, आणि ती घरं नवी होती तेव्हाची दुपार आठवली.

घरांचं उद्‌घाटन झालं होतं. गल्लीतलं कुणी गेलं नव्हतं. भाषणं, हार, फोटो, सगळं उरकून पाहुणे निघून गेले होते. मांडवाचे बांबू अजून तसेच उभे होते, आणि ओल्या चुन्याचा वास सगळीकडं. आत्याबाई मला म्हणाल्या, चल, आणि आम्ही दोघी माळ ओलांडून मायाक्काच्या नव्या घरापाशी गेलो. ती अंगणात खुंटा ठोकत होती. मेंढरं बाजूला उभी होती, आपली जागा कुठली हे न समजल्यासारखी.

हळदीचे दिवस जवळ आले होते. आमची जुनी चुलाणं बांधकामाच्या दगडमातीखाली गेली होती. उरलेल्या माळावर चांगल्या उताराची, वाऱ्याच्या तोंडाची जागा आता एकच होती, ती नेमकी मायाक्काच्या अंगणाला लागून.

आत्याबाई अंगणाच्या कडेला थांबल्या. आत पाऊल टाकलं नाही. माळावर जन्मभर जिथं हवं तिथं चूल मांडलेली ती बाई, तिथं कडेला उभी राहून पदर सारखा करत होती.

"मायाक्का," त्या म्हणाल्या, "तुझ्या अंगणाच्या कडंला काहील मांडली तर तुला चालंल का गं? धूर हुईल थोडा. पाचट पडंल."

मायाक्कानं दगड खाली ठेवला. कपाळावरचा घाम पुसला. अंगणाकडं बघितलं, वारा कुठून येतो ते बघितलं, मेंढरांकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, आवं आक्का, इचारताय काय, मांडा की.

"या, बसा," ती म्हणाली. "इचार करून सांगती."

आत्याबाई तिच्या दारातल्या पायरीवर जाऊन बसल्या, आणि ती विचार करेपर्यंत थांबल्या.